पाईकराव मॅडमचे गडी

पाईकराव मॅडम आमच्या तंत्रनिकेतनात रुजू झाल्या तेव्हा पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर ‘एजंट’ असा शब्द लिहिला आणि वर्गाला त्याचा अर्थ विचारला. हिंगोलीतली पोरं ती. कुणी विम्याचा एजंट सांगितला, कुणी प्लॉट विकणारा, कुणी मोंढ्याच्या बाजारात हळदीच्या ढिगामागं फिरणारा. मॅडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मग तो शब्द डस्टरनं पुसला आणि त्याच जागी लिहिलं, ‘गडी’.

“संगणकाच्या पुस्तकात ज्याला एजंट म्हणतात ना, त्याला आपण गडी म्हणू,” त्या म्हणाल्या. “त्याला एक काम नेमून दिलेलं असतं. मालक बांधावर उभा असो का नसो, तो ते करतो. आजूबाजूला काय चाललंय ते बघतो आन् आपल्या कामापुरतं स्वतः ठरवतो. वर्षभर आपण असे गडी तयार करायला शिकू. लई लहान घरात राहणारे गडी.”

मी विद्युत विभागात नवीन लागले होते. शेजारच्या वर्गात तास घेत होते आणि मधलं दार उघडं होतं. माझी पोरं माझ्याकडं बघायची सोडून त्या दाराकडं कान लावून बसली, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा.

लहान घर म्हणजे काय ते मला नंतर त्यांच्या टेबलावर बघायला मिळालं. चिवड्याच्या डब्याएवढी प्लास्टिकची पेटी. आत नखाएवढी चिप, एक बॅटरी, एक छोटा रेडिओ, आणि बाहेर सोडलेल्या दोन-चार तारा. त्या चिपची स्मरणशक्ती इतकी कमी की आपल्या फोनमधला एक फोटो तिच्यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत मॅडमचे गडी राहायचे. एक पाण्याची पातळी बघणारा, एक वीज आली-गेली बघणारा, एक बातमी पोचवणारा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पेटी न उघडता, लांबूनच रेडिओवर, त्यातला एखादा गडी काढून दुसरा पाठवता यायचा. खरिपात एक पेटी एक काम करायची, रब्बीत तीच पेटी दुसरं.

मॅडम उंच, सडपातळ, पंचेचाळिशीच्या. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. बोलायच्या ते आपल्या गावाकडचंच. वर्गात, प्राचार्यांसमोर, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर, सगळीकडं तेच. पुण्यातल्या एका कंपनीत त्यांनी बरीच वर्षं काढली होती. कुणी विचारलं की तिथली मराठी कशी काय चिकटली नाही, तर म्हणायच्या, “माझ्याकडं जागा न्हवती.”

‘जागा’ हा त्यांचा आवडता विषय होता. कुठलीही नवी गोष्ट हातात आली की त्यांचा पहिला प्रश्न, “ह्याचं काम काय?” आणि दुसरं वाक्य, “आधी काढून बघ.” पोरांनी प्रोग्राम लिहून आणला की त्या त्यातल्या एखाद्या तुकड्यावर बोट ठेवायच्या. हा काढून बघ, चालतं का. चाललं, तर तो गेला. माझ्या पर्समधून त्यांनी एकदा अशाच तीन किल्ल्या काढल्या होत्या. त्या कशाच्या आहेत ते मलाच सांगता आलं नव्हतं. प्राचार्यांच्या बैठकीत आठ-आठ विषय असायचे. मॅडमनी एकदा अगदी शांतपणे विचारलं, “सर, ह्यातला कोणता विषय काढला तर बैठक चालंल?” प्राचार्यांनी थोडा विचार केला आणि पाच विषय काढले. त्या दिवशी आम्ही उजेडी घरी गेलो.

पण त्या कशालाच क्षुल्लक म्हणायच्या नाहीत. ‘फक्त’ हा शब्द त्यांना आवडत नसे. एखादं पोरगं म्हणालं, मॅडम, हा फक्त दर मिनिटाला पाणी बघतो, तर त्या म्हणायच्या, “फक्त काहून? तू बघशील का दर मिनिटाला? वर्षभर?”

साखऱ्याची गोष्ट त्या पहिल्या वर्षातली. सेनगाव तालुक्यातलं हे कोरडवाहू गाव. तिथल्या माणिकराव नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर मॅडमनी त्यांची पहिली पेटी बसवली होती. विहीर माणिकराव आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात सामाईक. कुणाच्या पाळीला किती पाणी गेलं यावरून दोन घरांत बोलणं बंद होतं. पेटीनं विहिरीतलं पाणी बघायचं, पाणी तळाला गेलं की मोटर बंद करायची आणि मोटर चालू-बंद झाली की दोन्ही घरांना फोनवर निरोप द्यायचा. त्या वेळी आतमध्ये वेगवेगळे गडी नव्हते. एकच मोठा प्रोग्राम सगळं करायचा.

हरभरा फुलावर होता तेव्हा एका दुपारी मॅडमना माणिकरावांचा फोन आला. “मॅडम, तुमचा डबा झोपला आन् मोटर जळली.”

आम्ही माझ्या स्कूटीवर साखऱ्याला गेलो. विहिरीवर दोन्ही घरची माणसं जमली होती आणि माणिकराव कमरेवर हात ठेवून उभे होते. मॅडम स्कूटीवरून उतरल्या, चालत त्यांच्यापुढं गेल्या आणि म्हणाल्या, “मोटर माझ्यामुळं जळली.”

माणिकरावांनी मनात बरंच काही जुळवून ठेवलं असणार. त्यांनी कमरेवरचे हात खाली सोडले. मग म्हणाले, “आता तुमीच असं म्हनल्यावर मी भांडू कोनाशी?”

“भांडा की माझ्याशी. पण आधी मोटर वर काढू.”

झालं होतं असं. त्या दिवशी मोबाइलचं नेटवर्क गेलं होतं. मोटर चालू झाल्याचा निरोप पाठवायला प्रोग्राम गेला, निरोप जाईना, म्हणून तो थांबून राहिला. थांबला तो थांबलाच. निरोपाची वाट बघता बघता त्याचं विहिरीकडं बघायचं राहून गेलं. खाली पाणी संपलं आणि मोटर कोरडी फिरत राहिली.

मॅडमनी जळालेली मोटर हिंगोलीला आणली, रिवाइंडिंगच्या दुकानात दिली आणि ती नीट होईपर्यंत कॉलेजच्या कार्यशाळेतली एक मोटर मागून साखऱ्याला पोचवली. हरभऱ्याचं पाणी चुकलं नाही. पण नंतर कितीतरी दिवस त्यांनी संगणकाला हात लावला नाही. एका सकाळी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले तर पेटी उघडी टाकून नुसत्या तिच्याकडं बघत बसल्या होत्या.

“वैशाली, माझा बाप सालगडी होता,” त्या म्हणाल्या. हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. “पहाटं बैलाचं वैरण-पाणी त्यानंच करायचं. दिवसा औत त्यानंच धरायचं. रातीला लाइट आली की पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला त्यानंच जायचं. वरून मालकाच्या घरचं दळण. एकदा तापानं पडला तर सगळंच अडलं. बैल दावणीला उपाशी, पाटाचं पाणी दुसऱ्याच्या वावरात. आन् बोलणी कुणाला? त्यालाच. मी लहान होते. मला वाटायचं, माझ्या बापाचीच चूक.” त्यांनी पेटीला बोट लावलं. “हा प्रोग्राम मी माझ्या बापासारखाच केला बघ. सगळा भार एकाच्या डोक्यावर. पडला की सगळं पडलं.”

मी विचारलं, “मग तरी तुम्ही त्यांना गडीच का म्हणता? दुसरा शब्द घ्या ना.”

“काहून घेऊ? शब्द बराबर आहे. वागणूक चुकीची होती.”

त्यानंतर त्यांनी तो प्रोग्राम मोडला आणि पहिल्यापासून बांधला. एका गड्याला एकच काम. काम झालं की झोप, म्हणजे बॅटरीही वाचते. निरोपवाल्याला वाट बघायची असेल तर त्यानं खुशाल बघावी, पण त्याच्यापायी विहीरवाल्यानं थांबायचं नाही. कुणी अडकला तर बाकीच्यांनी त्याला सोडून आपलं काम चालू ठेवायचं. आणि एक नियम त्यांनी सगळ्यांत आधी लिहिला. नवा गडी पाठवला तर तो पुरता आत येऊन ‘आलो’ म्हणेपर्यंत जुन्यानं जागा सोडायची नाही. पोरांना हा नियम त्या इतक्यांदा ऐकवायच्या की पोरं प्रयोगशाळेतून घरी जातानाही एकमेकांना म्हणायची, अरे थांब, तो आला का बघ.

नवी पेटी घेऊन आम्ही परत साखऱ्याला गेलो तेव्हा माणिकरावांनी ती हातात घेऊन हलवून बघितली. “आता किती जन बसवले आत?”

“चौघं.”

“भांडत न्हाईत ना?”

“एकमेकाशी कामापुरतंच बोलतात.”

“मंग आमच्यापेक्षा बरे,” माणिकराव म्हणाले, आणि चुलतभाऊ पलीकडं तोंड करून हसला. त्या विहिरीवर पुन्हा मोटर जळाली नाही. माणिकराव मात्र अधूनमधून फोन करून आमच्या निरोप्याची तब्येत विचारायचे.

मॅडम पुणं सोडून आल्या त्या आईसाठी. आईला लकवा झाला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. बाईला समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नसे. बाप आधीच वारला होता आणि मॅडमनी लग्न केलं नव्हतं. हिंगोलीत दोन खोल्यांचं घर होतं. आतल्या खोलीत खिडकीशी आईची खाट, आणि खाटेच्या कठड्याला तसलीच एक पेटी बांधलेली. पेटीवर मोठमोठी बटणं. एक दाबलं की मॅडमच्याच आवाजात ‘पाणी’ ऐकू यायचं, दुसरं दाबलं की ‘कूस बदल’, तिसऱ्याला ‘दुखतंय’, चौथ्याला ‘शीला’. हे मॅडमचं नाव.

आवाजाला फार जागा लागते. त्या चिपमध्ये एका वेळी चारच शब्द मावायचे. त्यामुळे कोणते चार ठेवायचे हे आईनं ठरवायचं. मॅडम एकेक शब्द म्हणून दाखवायच्या आणि आई डाव्या हातानं हो-नाही करायची. नको तो शब्द निघायचा, हवा तो त्याच्या जागी बसायचा. बाकीचे तिघं जिथल्या तिथं.

एकदा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा हेच चाललं होतं. आईनं ‘दुखतंय’ला नको म्हटलं. मॅडमना ते पटेना. “अगं माय, हा असू दे. तुला दुखलं तर मला कळायचं कसं?” आई हात हलवत राहिली. नको म्हणजे नको. मग त्या जागी कोणता, यावर खूप वेळ गेला. मॅडमनी सुचतील तेवढे शब्द म्हणून बघितले. चहा, भाकर, लाइट, उजेड, बाहेर, गाणं. सगळ्याला नको. शेवटी मॅडम वैतागून म्हणाल्या, “मग काहून छळून राहिलीस मला?” तर आईनं एकदम हात उचलला. हो.

“काय हो? काहून?”

हो.

‘दुखतंय’ गेला आणि ‘काहून’ आला. दुसऱ्या दिवसापासून मॅडमना घरी यायला उशीर झाला की आतून त्यांच्याच आवाजात यायचं, ‘काहून’. चहा कोमट असला की ‘काहून’. मी एकदा बरेच दिवसांनी गेले तर मला बघून आईनं बटण दाबलं, ‘काहून’. मला आधी कळेना, मग सांगितलं की परीक्षेच्या ड्यूटीवर होते. मॅडम स्वयंपाकघरातून बघत होत्या.

“दुखतंय म्हनलं की मी हातातलं टाकून पळत येते,” त्या मला नंतर म्हणाल्या. “तिला ते नको. तिला भांडायला पाहिजे. जन्मभर तिचं माझं भांडणच होतं, तेच तर बंद पडलं होतं.”

मधल्या काळात आईचा डावा हातही कमजोर झाला. बटण दबेना. मॅडमनी बटणं काढली आणि उशीवर, गालाखाली, एक मऊ पट्टी ठेवली. मान कुठल्या बाजूला, किती कलली त्यावरून तिला शब्द कळायचा. एक गडी बदलला, बोट ओळखणारा जाऊन गाल ओळखणारा आला. शब्दवाल्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. त्यांचं चालूच होतं, ‘पाणी’, ‘कूस बदल’, ‘शीला’, ‘काहून’.

सिद्धेश्वरच्या धरणावर मॅडमना बोलावलं ते मासेमारांच्या सोसायटीनं. पूर्णा नदीवरचं हे मोठं पाणी, वारं सुटलं की लाटा उठतात आणि छोट्या नावांचं काही खरं नसतं. मॅडमनी नावांवर पेट्या बसवल्या. वारा मोजणारा एक गडी, नाव कुठं आहे ते उपग्रहावरून काढणारा एक, ते किनाऱ्याला कळवणारा एक, आणि वारा वाढला की लाल दिवा लावणारा एक. किनाऱ्यावर कौसाबाईंच्या घरावर खांब उभारून त्यावर रेडिओ लावला. कौसाबाई मासे विकणाऱ्या बायांच्या पुढारी. त्यांनी आठवड्यातच निकाल दिला. “मॅडम, तुमचा दिवा उन्हात दिसत न्हाई. मान्सं जाळं बघत्यात, दिवा कोन बघंल? वरडायला लावा त्याला.” मॅडमनी तिथंच ओट्यावर बसून दिवेवाल्याला काढलं आणि पेटीतला बारका भोंगा वाजवणारा शिट्टीवाला पाठवला. पाण्यावर असलेल्या नावांवर एकेक करून शिट्ट्या वाजायला लागल्या, तेव्हा कौसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

वैशाखातली गोष्ट. आम्ही पेट्या तपासायला सिद्धेश्वरला गेलो होतो. तिसऱ्या प्रहरी आभाळ पिवळं पडलं आणि कोरडं वादळ सुटलं. पाऊस नाही, नुसता वारा आणि धूळ. शिट्ट्या वाजल्या होत्या, नावा भराभर काठाला लागल्या. एक आली नाही. कौसाबाईंचा नवरा दगडू आणि दीर मारुती त्या नावेवर होते.

मॅडम कौसाबाईंच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसल्या. त्या नावेची पेटी बोलत होती, पण तुटक. नाव पाण्याच्या पार मध्यावर होती आणि वाऱ्याबरोबर सरकत होती. त्यात त्या पेटीची बॅटरी उतरलेली. ती भरणाऱ्या सौर पट्टीवर बरेच दिवस कुणी तरी जाळं वाळत घातलं होतं म्हणे. सगळे गडी असेच कामावर राहिले तर पेटी लवकरच गप होणार हे पडद्यावर दिसत होतं. आणि वारा पडल्याशिवाय शोधायला नाव घालणं शक्य नव्हतं.

मॅडमनी चष्मा वर सरकवला. “वारा मोजायची आता गरज न्हाई, वारा आपल्याला दिसतोय,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. “शिट्टी वाजवून काही उपयोग न्हाई. हे दोघं गप बसले पाहिजेत. ठिकाण सांगणाऱ्यानं मधून मधून उठायचं, ठिकाण सांगायचं आन् परत झोपायचं.” त्यांनी तिथल्या तिथं नवा गडी लिहिला. सगळ्यांना झोपवणारा आणि मधूनच एकाला उठवणारा. अगदी थोड्या ओळींचा, कारण इतक्या कमजोर रेडिओवर मोठं काही गेलंच नसतं. मग पाठवायला सुरुवात केली.

अर्ध्यात तुटलं.

माणसांनी ओटा भरला होता. कुणीतरी विचारलं, “गेला का डबा?”

“न्हाई,” मॅडम म्हणाल्या. “नवा पोचला न्हाई, पण जुना आहे जागेवर.”

परत पाठवला. परत तुटला. कौसाबाई त्यांच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता. “मॅडम, डब्यात काय चालू आहे ते मला समजत न्हाई. मान्सं आहेत का, तेवढं सांगा.”

मॅडमनी मान वर केली. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांनाच वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं. त्या म्हणाल्या, “ते मला बी समजत न्हाई, कौसाबाई. डबा कुठं आहे तेवढंच समजंल. डबा नावेला बांधलाय. दोघं नाव धरून असतील असं धरून चालू.”

कौसाबाईंनी मान हलवली. मग त्यांनीच वळून पोरांना सांगितलं, “खांब उपटा आन् टेकडावर न्या.” चार जणांनी घरावरचा खांब सोडवला आणि मागच्या टेकडावर नेऊन वाऱ्यात घट्ट धरून ठेवला. मॅडम लॅपटॉप पोटाशी धरून त्यांच्या पायाशी मातीत बसल्या. तिसऱ्यांदा पाठवला. पडद्यावर तुकडे एकेक करत पोचत गेले आणि शेवटी शब्द आला, ‘आलो’.

आणि त्यानंतर काहीच नाही. पेटी गप झाली.

मी त्यांच्या मागं उभी होते.

“काहून बोलत न्हाई तो?” कौसाबाईंनी विचारलं.

“झोपलाय. उठंल.”

“उठंल?”

“त्याला तेवढंच काम दिलंय.”

कौसाबाई त्यांच्याजवळ खाली बसल्या. खांब धरलेली माणसं वाऱ्यानं हलत होती. मॅडमचा हात कौसाबाईंच्या गुडघ्यावर कधी गेला ते मला दिसलं नाही. मग पडद्यावर ठिकाण उमटलं. थोड्या वेळानं दुसरं, पहिल्यापेक्षा पूर्वेकडं सरकलेलं. मग तिसरं, आणि ते दुसऱ्याच्या अगदी जवळ. नाव कुठंतरी अडकली होती.

वारा जरा मंदावल्याबरोबर दोन नावा निघाल्या. मॅडम काठावरून फोनवर ठिकाण सांगत होत्या. पलीकडच्या काठाला पाण्यात बुडालेल्या बाभळी आहेत, त्यांत उलटलेली नाव अडकली होती आणि दगडू-मारुती तिच्या पाठीवर पालथे पडून होते. हात सोलपटलेले, थंडीनं दात वाजत असलेले, पण जिवंत. अंधार पडायच्या आत ते घरी आले. कौसाबाईंनी आधी दिराला चहा दिला, मग नवऱ्याला दिला, आणि मग त्या आत जाऊन मोठ्यानं रडल्या.

दगडूभाऊ जरा सावरल्यावर मॅडम त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. दगडूभाऊ म्हणाले, “मॅडम, एक सांगू का? मदीच डबा वरडायचा बंद झाला. आमाला वाटलं, तो बी मेला. तवा लई जीव घाबरला. मारुती तर म्हनला, आता सोडतो हात.”

मॅडमचा चेहरा उतरला. “हे मला सुचलं न्हाई,” त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर लोकांनी जीव वाचवल्याबद्दल काय काय म्हटलं ते मी त्यांना परत सांगत होते, पण त्यांचं लक्षच नव्हतं. मधेच म्हणाल्या, “मी बॅटरी बघितली, माणूस न्हाई बघितला. शिट्टीचं काम नुसतं वाऱ्याची बातमी द्यायचं न्हवतं, वैशाली. तिथं कुणीतरी आहे, एवढं सांगायचं काम बी तीच करत होती.” पुढच्या आठवड्यात त्या प्रत्येक पेटीत एक इवलासा गडी जाऊन बसला. पेटी झोपेतून उठली की तो एकदाच बारीक ‘टिक’ करायचा. बॅटरीला त्याची तकलीफ नाही म्हटलं तरी चालेल, आणि नावेवरच्या माणसाला कळायचं की आपलं ठिकाण कुणालातरी सांगितलं जातंय.

सोसायटीनं मॅडमचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, भाषणं. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “दगडूभाऊ आन् मारुतीभाऊंना मी पाण्यात घाबरवलं. आता तसं होणार न्हाई. खांब कौसाबाईंनी हलवायला लावला, मी न्हाई.” एवढं बोलून खाली बसल्या. नारळ तिथंच फोडून पोरांना वाटला.

त्या हिवाळ्यात आई गेली. शेवटच्या महिन्यांत मॅडमनी पेटीतून शब्द काढत नेले होते. ‘कूस बदल’ लागेना, कारण मान कलवण्याआधीच मॅडम कूस बदलायच्या. ‘पाणी’ गेलं, नळीनं पाणी द्यायला लागल्यावर. ‘काहून’ त्यांनी फार दिवस राहू दिला. मग एका दिवशी तोही राहिला नाही, कारण आईची मान आपोआपच कलायची आणि पेटी विनाकारण विचारत राहायची. राहिला एकच शब्द. आई गेली त्या सकाळी मी पोचले तेव्हा मॅडम खाटेशी बसल्या होत्या आणि पट्टी अजून गालाखाली होती. मी ती काढायला हात पुढं केला. त्या म्हणाल्या, “थांब. मी काढते.”

मला वाटलं होतं ती पेटी त्या जपून ठेवतील. जलदान विधी झाल्यावर थोड्याच दिवसांनी त्या ती घेऊन कॉलेजात आल्या. आमच्या शिपायाच्या म्हाताऱ्या वडिलांना तसाच झटका आला होता. मॅडमनी माझ्यासमोर पेटी संगणकाला जोडली. आत एकच शब्द होता. तो काढायच्या कळीवर त्यांचं बोट जरा वेळ थांबलं, मग त्यांनी कळ दाबली.

“बाबाला विचारलं, कोणते शब्द पाहिजेत,” त्या डोळे न पुसता म्हणाल्या. “बिडी म्हणतो. आन् बैल.”

“बैल?”

“बैल पाजले का, एवढं सगळं. बैल विकून लई वर्षं झाली म्हणे. पण शब्द त्याचा आहे, आपण कोण काढणारे?” आणि त्यांनी माइकजवळ तोंड नेऊन अगदी गंभीरपणे म्हटलं, “बैल पाजले का?” मग शिपायाकडं वळल्या. “न्हाई, माझा आवाज न्हाई चालायचा. तू म्हण. तुझ्या आवाजात पाहिजे त्याला.”

पुढल्या वर्षी त्यांना लांबच्या एका जंगली जिल्ह्यातून बोलावणं आलं. डोंगरातल्या आरोग्य केंद्रांसाठी अशाच पेट्या करायच्या होत्या. तिथं नेटवर्क नाही, वीज नाही, रस्ते नाहीत. हे ऐकून इतर कुणी विचारात पडलं असतं, मॅडमचे डोळे चमकले. सामान त्यांच्याकडं फारसं नव्हतंच. निघायच्या दिवशी मी त्यांना स्कूटीवर कनेरगाव नाक्यापर्यंत सोडायला गेले, वाशीमकडची बस तिथून धरायची होती. ढाब्यावर आम्ही शेवभाजी आणि भाकरी खाल्ली. मॅडम तिखट झालंय म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा भाजी घेतली.

बस आली. त्यांना खिडकीची जागा मिळाली. बस तिथं थोडा वेळ थांबते, म्हणून मी पळत जाऊन पाण्याची बाटली आणली. परत येईपर्यंत त्यांना झोप लागली होती. खिडकीच्या गजाला डोकं टेकलेलं, मांडीवर पिशवी, तोंड जरासं उघडं. इतक्या वर्षांत त्यांना झोपलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. उठवायला मन होईना. मी खिडकीतून बाटली शेजारच्या बाईकडं दिली.

“उठल्या की द्या त्यांना.”

“देते की,” ती बाई म्हणाली. मांडीवरचं लेकरू तिनं दुसऱ्या बाजूला घेतलं. “मोठी बहीण का तुमची?”

मी व्हय म्हणाले.

बस सुटली. गचका बसला तसा मॅडमचा चष्मा नाकावरून घसरला आणि पडायला आला. त्या बाईनं लेकराला एका हातानं सावरलं, दुसऱ्या हातानं त्यांचा चष्मा हळूच उतरवला आणि आपल्या मुठीत जपून धरला.